बावीस हप्ते भरले, तरी टेम्पो कोणाचा?



वेल्ह्याहून निघालेली एसटी स्वारगेटला लागते. आपल्या खोऱ्यातली पोरं पोटासाठी पुण्याला जातात ती पहिल्यांदा तिथेच उतरतात. कोणी बांधकामावर जातो, कोणी गुलटेकडीच्या मार्केटयार्डात हमालीला लागतो. आपल्यातलाच एक भाऊ अशी पाच वर्षं हमाली करत होता. दुसऱ्याच्या टेम्पोत पोती भरून पाठ मोडून घेण्यापेक्षा आपलाच टेम्पो का नको, असं त्याच्या मनात आलं. त्यात वाईट काही नाही. त्याचं नाव आम्ही लिहीत नाही, त्याने नको म्हणून सांगितलंय. आकडे मात्र जसेच्या तसे देतो.

जुना तीन चाकी टेम्पो, किंमत ७०,००० रुपये. स्वारगेटच्या एका फायनान्सच्या ऑफिसात मे २००५ मध्ये त्याने १५,००० रुपये रोख भरले. त्यासाठी घरचे दोन बैल विकले. बाकीच्या पैशाला महिना ३,२०० रुपये, असे ३० हप्ते. म्हणजे ९६,००० अधिक १५,०००, सगळे मिळून १,११,००० रुपये. ऑफिसातला माणूस म्हणाला, "आजपासून गाडी तुझी, फक्त हप्ता चुकवू नको." बापाने जामीनदार म्हणून अंगठा दिला आणि सातबाऱ्याचा उतारा जोडला.

बावीस हप्ते गेले. २००७ च्या मार्च आणि एप्रिलचे दोन चुकले, कारण आई आजारी पडली आणि हा दीड महिना गावीच होता. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पहाटे, माल भरायला निघायच्या आधी, स्वारगेटला उभा असलेला टेम्पो चार जणांनी ओढून नेला. किल्ली हातातून घेतली. ताडपत्री, जॅक, आईच्या औषधाची चिठ्ठी, सगळं आतच राहिलं. तोवर त्याने भरले होते ७०,४०० अधिक १५,०००, म्हणजे ८५,४०० रुपये. सत्तर हजाराच्या टेम्पोला पंच्याऐंशी हजार मोजून तो आज पुन्हा दुसऱ्याची पोती उचलतो. चौकीत गेला तर साहेब म्हणाले, "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा."

जुलैत बापाच्या नावाने इंग्रजीत नोटीस आली. थकलेले दोन हप्ते, त्यावर दंड, टेम्पो ओढून नेल्याचा खर्च, यार्डात उभा ठेवल्याचं भाडं, असे १४,९०० रुपये भरा, नाहीतर जमिनीवर जप्ती आणू. टेम्पो विकला का, कितीला विकला, त्याबद्दल एक अक्षर नाही. वाडीत बातमी पसरली की जमीन गेली. म्हातारा दोन दिवस जेवला नाही.

जंगलजमिनीच्या पत्रकात टेम्पोचं कशाला, असं कोणी म्हणेल. म्हणून आधी जमिनीचंच सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याचं कलम ३६-अ आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे कलेक्टरच्या परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. विक्री, गहाण, बक्षीस, काही नाही. आणि त्या कलमात हेही स्पष्ट लिहिलंय की दिवाणी कोर्टाच्या हुकमातून होणारी विक्रीसुद्धा याच बंधनात येते. लवादाचा निवाडा असला तरी तेच. फायनान्सवाल्याने नुसती नोटीस पाठवून जमीन जात नाही. शेतीला लागणारी अवजारं, बैल आणि बियाणंही कोर्टाला जप्त करता येत नाही, तसं दिवाणी कायद्याच्या कलम ६० मध्ये आहे. याचा अर्थ जामीनदाराची जबाबदारी संपली असा नाही, ती राहतेच. सोसायटीचं आणि सरकारी कर्ज याची गोष्टही वेगळी आहे, तिथे गाफील राहू नका. पण टेम्पोच्या हप्त्याला जमीन जाणार म्हणून कोणी उपाशी बसू नये.

आम्ही तिघे कार्यकर्ते तो करारनामा घेऊन शिवाजीनगर कोर्टात एका ओळखीच्या वकिलाकडे गेलो. अकरा पानं, सगळी इंग्रजी, प्रत्येक पानावर सही. बारावीपर्यंत शिकलो तरी आम्हाला त्यातलं पाव कळत नव्हतं. वकिलाने वाचून सांगितलं ते असं. हा करार विक्रीचाही नाही आणि कर्जाचाही नाही. तो भाडेखरेदीचा आहे, बोलीभाषेत हायर परचेस. शेवटचा हप्ता भरेपर्यंत आपला भाऊ नुसता भाडेकरू. एक हप्ता चुकला की करार संपला, गाडी न विचारता नेता येईल. आधी भरलेलं सगळं भाडं समजलं जाईल, परत मिळणार नाही. आणि भांडण झालं तर लवाद कंपनी नेमणार, तो बसणार चेन्नईत. वेल्ह्याच्या माणसाने चेन्नईला जाऊन न्याय मागायचा!

भाडेकरू म्हणता, तर मग इंजिनचं काम त्याने खिशातून का केलं? विमा, टॅक्स, पोलिसांचा दंड त्याने का भरला? आरटीओच्या पुस्तकात मालक म्हणून त्याचंच नाव आहे, खाली फक्त फायनान्सची नोंद. मोटार वाहन कायदाही सांगतो की भाडेखरेदीत गाडी ज्याच्या ताब्यात तोच मालक धरायचा. उद्या टेम्पोखाली कोणी आलं असतं तर मालक हा. टेम्पो न्यायची वेळ आली तेव्हा मालक ते. कुठला भाडेकरू घरमालकाचं छप्पर शाकारून देतो?

कोर्ट यावर काय म्हणतं, हे समजून घ्यायला आम्ही त्या वकिलाचा अर्धा दिवस खाल्ला. उत्तर एका वाक्यात नाही, कारण कोर्ट दोन्हीकडून बोललेलं आहे.

एकीकडे कोर्ट कागदाला धरून बसतं. तोंडी काय सांगितलं होतं ते लेखी कराराच्या विरुद्ध चालत नाही, असा पुराव्याचा कायदा आहे. "गाडी तुझी" हे शब्द ऑफिसच्या हवेतच राहिले. फसवून सही घेतली असं सिद्ध केलं तर कोर्ट ऐकतं, पण सिद्ध आपण करायचं, आणि पहिला प्रश्न येतो, "न वाचता सही का केली?" फायनान्सवाल्याने करारानुसार गाडी नेली तर ती चोरी नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७९ सालीच एका ट्रकच्या प्रकरणात म्हटलंय, आणि चौकीतले साहेब तेच सांगत होते. फेब्रुवारी २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं, करारात ताबा घ्यायची मुभा असेल तर ताबा घ्यायला कायद्याची आडकाठी नाही.

दुसरीकडे तेच कोर्ट कागदाच्या पाठीमागेही बघतं. केरळ सरकारविरुद्धच्या एका फायनान्स कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की कागदाला भाडेखरेदी नाव दिलं म्हणून तसं होत नाही, आतला व्यवहार खरं तर कर्जाचा असेल तर तो कर्जच धरायचा. तो खटला विक्रीकराचा होता, गरिबाच्या टेम्पोचा नव्हता, पण बोललेलं वाक्य कामाचं आहे. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंड कितीही लिहिला असला तरी कोर्टाने वाजवी भरपाईच द्यायची, लिहिलाय तेवढा सगळा दंड नाही. आणि फेब्रुवारी २००७ मध्ये एका बँकेच्या गाडीकर्जाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने गुंड पाठवून गाड्या ओढण्यावर कडक ताशेरे मारले. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २००६ मध्ये फायनान्स कंपन्यांना लेखी बजावलंय की वसुलीसाठी अवेळी त्रास द्यायचा नाही, दांडगाई करायची नाही. पहाटेची वेळ आणि चार माणसं, हे कशात बसतं?

सगळ्यात मोठी गोष्ट १९८६ ची. कलकत्त्याला नदीतल्या आगबोटींची एक सरकारी कंपनी होती. तिच्या नियमात होतं की तीन महिन्यांची नोटीस दिली की कारण न सांगता माणसाला काढता येईल. सुप्रीम कोर्टाने तो नियमच रद्द केला. कोर्टाचं म्हणणं असं की दोघांची ताकद बरोबरीची नसेल, एकाला सही करण्यावाचून गत्यंतर नसेल, आणि अट अंगावर काटा यावा इतकी अन्यायाची असेल, तर अशी अट करार कायद्याच्या कलम २३ खाली लोकहिताविरुद्ध म्हणून टिकणार नाही. बडा व्यापारी बड्या व्यापाऱ्याशी करार करतो तिथे हे लागू नाही, हेही सांगितलं. वकील म्हणाले, हे निकालपत्र चांगलं आहे, पण त्यात एका बाजूला सरकारी कंपनी होती. खाजगी फायनान्सच्या कागदावर खालची कोर्टं ते सहज लावत नाहीत, सही बघून मोकळी होतात.

इथे आम्हाला राग येतो. कारण बरोबरीची नसलेली सही ही गोष्ट महाराष्ट्रात आपणही कोर्टाला दाखवून दिली आहे. सावकाराने पायलीभर नाचणीवर आपल्या आज्यांच्या जमिनी लिहून घेतल्या, तेव्हाही कागद होता, अंगठा होता, साक्षीदार होते. सगळं कायदेशीर. तरी लढा झाला आणि जमिनी परत करायचा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले आदिवासींच्या जमिनीचे व्यवहार पुन्हा उघडता येतील, असं त्यात ठरलं. जमीनवाले सुप्रीम कोर्टात गेले, म्हणाले की करार तो करार. डिसेंबर १९८४ मध्ये कोर्टाने कायदा उचलून धरला. दुबळा आणि सबळ यांच्यातला व्यवहार पुन्हा उघडून न्याय करायचा अधिकार सरकारला आहे, असं म्हणालं.

म्हणजे कायदा हातात असला की कोर्ट अंगठ्याच्या मागे बघतं. कायदा नसला की अंगठाच बघतं. मग हप्त्याच्या कागदासाठी कायदा का नाही?

होता. हे ऐकून आम्ही थक्क झालो. पार्लमेंटने १९७२ साली भाडेखरेदीचा कायदा पास केला होता. कराराची प्रत भाडेकरूला द्यायची, ठराविक हिस्सा भरला असेल तर कोर्टाच्या हुकमाशिवाय वस्तू ओढून न्यायची नाही, आणि वस्तू नेलीच तर हिशोब करायचा. हिशोब कसा? आपल्या माणसाने भरलेले पैसे आणि नेलेल्या वस्तूची त्या दिवशीची किंमत यांची बेरीज करायची. ती कराराच्या एकूण रकमेपेक्षा जास्त भरली तर वरची रक्कम त्याला परत. आमच्या भावाचा हिशोब आम्ही वहीवर मांडला. भरले ८५,४००. टेम्पोचे बाजारात ४०,००० तरी आले असते. बेरीज १,२५,४००. करार १,११,००० चा. म्हणजे त्यालाच १४,४०० रुपये परत मिळायला हवे होते, फार तर ओढून नेण्याचा वाजवी खर्च वजा करून. आज त्याच्याच बापाकडे १४,९०० मागतात.

तो कायदा लागूच झाला नाही. पास झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण अमुक तारखेपासून लागू हा सरकारी जाहीरनामा टिकला नाही. तेहतीस वर्षं तो कायदा कपाटात पडून राहिला आणि २००५ साली पार्लमेंटने तो रद्द केला. ज्या वर्षी आमचा भाऊ स्वारगेटच्या ऑफिसात सही करत होता त्याच वर्षी.

इंग्लंडात हा प्रश्न १९३८ लाच सुटला. तिथेही दुकानदार गरिबाला पलंग-कपाट हप्त्यावर द्यायचे आणि शेवटचे हप्ते उरले की उचलून न्यायचे, मग तेच दुसऱ्याला. एलन विल्किन्सन नावाची मजूर पक्षाची खासदार बाई, गिरणी कामगाराची पोर, तिने स्वतः बिल आणून कायदा करून घेतला. किमतीचा तिसरा हिस्सा भरला की कोर्टात गेल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. आमच्या भावाने तिसरा हिस्सा पहिल्याच वर्षात ओलांडला होता.

आपल्यासाठी यात दुसरा धडा पण आहे, आणि तो टेम्पोपेक्षा मोठा आहे. डिसेंबर २००६ मध्ये आपला वनहक्काचा कायदा पास झाला. आपण गुलाल उधळला, दिल्लीला गेलेले साथी रडले. २९ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. २००७ साली त्याला आठ महिने होत आले, तरी कायदा लागू झालेला नव्हता, नियम निघालेले नव्हते. फॉरेस्टचे गार्ड तोवर दळी उपटायला येतच होते. बैठकीत कोणी म्हटलं की "आता कायदा झालाय, घाई काय" तर त्याला १९७२ च्या कायद्याची गोष्ट सांगा. सरकार विसरत नाही, ते वाट बघतं, आपण थकतो का ते बघतं.

काही साथींचं म्हणणं आहे की पोरांनी शहरात जाऊन हप्त्याच्या नादी लागूच नये, सही केली तर भोगावं. आम्हाला हे पटत नाही. वीटभट्टीची उचल घेणाऱ्या कातकरी भावाला आपण असं म्हणत नाही. त्याच्यासाठी आपण वेठबिगारीच्या १९७६ च्या कायद्याखाली तहसीलदाराच्या दारात बसतो. उचल आणि हप्ता यांत फरक आहे, हा राबतो स्वतःच्या मर्जीने, हे मान्य. भोरच्या दोघा पोरांनी असेच हप्ते फेडले, आज त्यांचे टेम्पो त्यांच्या नावावर सुटे आहेत, तेही खरं. पण कागद असा असावा की एका आजारपणात दोन वर्षांची कमाई आणि बैलजोडी दोन्ही बुडावीत, याला मर्जी म्हणत नाहीत. चूक आपल्या संघटनेचीही आहे. जंगलखात्याचा एकेक जीआर आपण रात्र रात्र वाचला, पण पोरांच्या खिशातला कागद कधी मागितला नाही.

आता काय चाललंय ते सांगतो. ग्राहक मंचात तक्रार द्यायचं ठरलं आहे. टेम्पो धंद्याचा म्हणून तक्रार चालणार नाही असं समोरचे म्हणतील. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो ग्राहकच, असं कायद्यात लिहिलंय, आणि हा टेम्पो तो स्वतःच चालवायचा. करारात लवाद असला तरी ग्राहक मंचाचं दार बंद होत नाही, त्यामुळे चेन्नईचं तिकीट काढायची गरज नाही. २००७ साली एक लाखापर्यंतच्या दाव्याला फी १०० रुपये होती, अंत्योदय कार्डवाल्याला तीही माफ होती. मुदत दोन वर्षांची. वकिलासाठी पैसे नसतील तर आदिवासीला उत्पन्नाची अट न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात कलम १२ मध्ये आहे. जिल्हा कोर्टात अर्ज द्यायचा, सोबत जातीचा दाखला. मागणी दोन गोष्टींची करणार आहोत. टेम्पो कितीला विकला त्याचा हिशोब द्या, आणि दंड कलम ७४ प्रमाणे वाजवी करा. पूर्ण जिंकू असं वकील म्हणत नाहीत, आम्हीही म्हणत नाही. २२ पैकी १७ हप्त्यांच्याच पावत्या सापडल्या, बाकीच्या पाच टेम्पोच्या डिकीत होत्या.

तेव्हा ज्यांच्या घरातलं कोणी पुण्यात हप्त्यावर गाडी चालवतंय त्यांनी पावत्या गाडीत ठेवू नका, गावी घरी आणून ठेवा. कराराची प्रत मिळाली नसेल तर लेखी अर्ज करून मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकायच्या आधी पत्र टाका, पावती मिळेल अशा टपालाने, आणि ती पावती जपा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही नको. जामीनदार होणाऱ्या बापाने आधी वाडीच्या बैठकीत कागद आणावा, आपल्यातलं कोणीतरी वाचेल, नाही कळलं तर आम्ही शिवाजीनगरला घेऊन जाऊ.

येत्या अमावस्येच्या बैठकीला असे सगळे कागद आणा, पाकीट फोडलेलं नसलं तरी आणा. आमच्या एका वाडीत विचारलं तर असे सात निघाले.